वास्तू, नाक आणि लस्सी

सकारात्मक विचार ही अमेरिकेहून आलेली वस्तू आहे, असं आमच्या सोसायटीत आलेल्या व्याख्यात्यांचं ठाम मत होतं. न्यूयॉर्कचे पाद्री नॉर्मन व्हिन्सेंट पील यांच्या १९५२ सालच्या पुस्तकापासून ते निघाले आणि २००६ सालच्या 'द सीक्रेट'पाशी येऊन चहाला थांबले. मनात जे धराल ते विश्व तुमच्याकडे पाठवतं, हे त्यातलं गुपित. आमच्या आजीला ते चुलीपुढे बसून ठाऊक होतं. घरात कुणी थकून "मेलो रे" म्हणालं की ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "अभद्र बोलू नकोस, वास्तू तथास्तु म्हणते!" विश्व वगैरे लांबचं, आमची सगळी दाद-फिर्याद वास्तुपुरुषाकडे.

या वास्तुपुरुषाचा एकच दोष. त्याला फक्त वाईट ऐकू येतं. "मला नोकरी लागली, मला नोकरी लागली" असं माझा धाकटा काका त्याच माजघरात दोन वर्षं म्हणत होता, तथास्तु नाही. बरं, चांगलं मोठ्यानं बोलायचीही सोय नव्हती, कारण दृष्ट लागते. बाळ गुटगुटीत आहे म्हणायचं नाही, आंब्याला मोहोर भरपूर आलाय म्हणायचं नाही. वाईट बोललं तर वास्तू, चांगलं बोललं तर दृष्ट. मग एखाद्यानं "कसं काय?" विचारलं, तर माणूस "चाललंय" म्हणणार नाही तर काय करणार?

अशा घरात वाढलेल्या माणसासाठी सौभाग्यवतींनी त्या व्याख्यानातून एकवीस दिवसांची वही विकत आणली. तिची तक्रार जुनी आहे. मी एप्रिलपासून छत्री घेऊन फिरतो, गाडीच्या वेळेआधी तासभर स्टेशनवर जाऊन बसतो आणि लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यावर आधी बाहेर पडायचा दुसरा दरवाजा पाहून ठेवतो. वहीचं सांगणं सोपं होतं. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून 'मी आनंदी आहे, मी बदलतो आहे' असं म्हणायचं. एकवीस दिवसांत माणूस आतून बदलतो. मी म्हणत असे. आरशातला गृहस्थ कर्ज मागायला गेल्यावर बँकेतला अधिकारी ऐकतो तसं सगळं शांतपणे ऐकून घेई, आणि पुढे काही करत नसे.

एकवीसच दिवस का, हे मात्र मी शोधून काढलं. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. नाकाचा आकार बदललेल्या रुग्णाला स्वतःच्या नव्या नाकाची सवय व्हायला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांच्या पाहण्यात आलं, आणि १९६०च्या पुस्तकात त्यांनी ते लिहिलं. पुढे लोकांच्या तोंडून त्यातलं 'निदान' गळालं, मग नाक गळालं, आणि एकवीस दिवस तेवढे उरले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात नंतर मोजून पाहिलं, तर साधी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाचा हिशेब २५४पर्यंत गेला. हे मी जेवताना सांगितलं. "अहो, त्यांनी नुसती नाकं बदलली," ती भाजी वाढत म्हणाली, "इथे स्वभाव आहे." आणि तिनं मला हास्यक्लबात घातलं.

हास्यक्लब मात्र अस्सल आपला. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५च्या मार्चमध्ये अंधेरीच्या लोखंडवालातल्या बागेत पाच माणसांना घेऊन तो सुरू केला. सुरुवातीला एकानं विनोद सांगायचा आणि बाकीच्यांनी हसायचं, अशी पद्धत होती. दोनेक आठवड्यांत चांगले विनोद संपले आणि नको ते सुरू झाले. कुठल्याही लग्नाच्या पंगतीत हेच होतं, फक्त तिथे कुणी त्यावर उपाय काढत नाही. डॉक्टरांनी काढला: विनोदच बंद, नुसतं हसायचं. खोटं हसलं तरी शरीराला खऱ्यासारखाच फायदा, अशी त्यामागची धारणा.

आमच्या कोथरूडच्या बागेत संध्याकाळच्या तुकडीत मी उभा राहिलो. नमस्कार हास्य झालं, सिंह हास्य झालं. मग लस्सी हास्य: दोन काल्पनिक पेले घ्यायचे, यातली लस्सी त्यात, त्यातली यात, आणि मान मागे टाकून गटकन प्यायची, हाऽहाऽहा. माझ्या शेजारी एक निवृत्त हिशेबतपासनीस होते. ते लस्सी इतक्या बेतानं ओतत होते की एक थेंब सांडला नाही, आणि पिऊन झाल्यावर त्यांनी रुमालानं मिशा पुसल्या. मी हसलो. अभ्यासक्रमात नसलेलं हसलो, आणि ते थांबेना.

त्याच तुकडीतल्या एका निवृत्त शिक्षिकेनं मला शास्त्र समजावलं: दातांत पेन धरलं की चेहरा हसरा होतो, आणि व्यंगचित्रं जास्त विनोदी वाटतात, फ्रिट्झ श्ट्राक या जर्मन मानसशास्त्रज्ञांचा १९८८चा प्रयोग. मी शंकेखोर, घरी जाऊन पुढचं वाचलं. २०१६ साली सतरा प्रयोगशाळांनी तो पुन्हा करून पाहिला आणि त्यांच्या हाती काहीच लागलं नाही. २०१९ साली श्ट्राक यांना गमतीचं इग-नोबेल मिळालं: पेनमुळे आनंद होतो हे शोधल्याबद्दल, आणि नंतर होत नाही हे शोधल्याबद्दल. दुसऱ्या दिवशी मी हे सांगितलं तेव्हा बाईंनी शांतपणे विचारलं, "त्या सतरांपैकी एकीत तरी लस्सी होती का?"

मे महिन्यात, मोबाइल हास्याच्या ऐन मध्यावर वळीव कोसळला. बागेत आडोसा नाही. एकवीस दिवसांच्या दोन-दोन वह्या भरलेली आशावादी मंडळी माझ्या एकट्याच्या छत्रीकडे धावली. हिशेबतपासनिसांनी दांडा पकडला, बाईंनी पिशवी डोक्यावरून काढली, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "आता छत्री हास्य! एक, दोन, तीन—"