बक्षीसपत्र

"काकू, काल बर्डीवर खरेदीला गेल्या होत्या म्हणे?"

"गेली होती न बाई. नव्या जावयाला सूटपीस पाहिजे. यांचं एकच, रेमंडचाच घ्या."

"घ्या न मग. आपल्या विदर्भातच तर बनते त्यांचं कापड. जीन्सचं यवतमाळच्या लोहारा एमआयडीसीत, लिननचं अमरावतीच्या नांदगाव पेठेत."

"कापडाला कोण नाव ठेवते? पण दुकानात पाटी पाहिली अन् मला ते म्हातारे आठवले. विजयपत सिंघानिया."

"फुग्यात बसून वर गेले होते तेच?"

"तेच. 2005 मध्ये, वयाच्या 67 व्या वर्षी, एकवीस किलोमीटर वर! त्याच्या आधी 1988 मध्ये एवढ्याशा मायक्रोलाइट विमानानं लंडनहून भारतात आले. कंपनी त्यांच्या घराण्यानं 1944 मध्ये घेतलेली. यांनी 1980 पासून वीस वर्षं चालवली, पार्क अव्हेन्यू काढलं. आभाळाला नाही भ्याला माणूस. अन् 2015 मध्ये आपले सदतीस टक्के शेअर पोराच्या, गौतमच्या नावानं करून मोकळा! हजार कोटींच्या घरातले, बाप्पा. दोन वर्षांत राहत्या जागेसाठी हायकोर्टात."

"पोराचीही बाजू असेल न काकू. जागा कंपनीची. ती स्वस्तात द्यायला भागधारकांनीच नाही म्हटलं. मुलगा म्हणून कर्तव्य वेगळं, कंपनीचा अध्यक्ष म्हणून वेगळं, असं तो म्हणून राहिला होता."

"असेल. मी कुठं त्याला वाईट म्हणून राहिली? मी म्हाताऱ्यालाच म्हणते. सगळं देऊन टाकल्यावर मागायला काऊन जायचं?"

"असं सगळीकडे थोडीच होते! फ्रान्सचं एर्मेस पाहा. 1837 मध्ये तिएरी एर्मेसनं घोड्यांचं सामान शिवायला सुरुवात केली. आता सहाव्या पिढीतला अक्सेल ड्यूमा सांभाळते. पोरांवर विश्वास टाकला म्हणूनच टिकलं न?"

"विश्वास? अगं, 2010 मध्ये दुसऱ्या बड्या कंपनीच्या त्या बर्नार आर्नोनं गुपचूप त्यांचे सतरा टक्के शेअर जमवले, तेव्हा काय केलं घरच्यांनी? पन्नास टक्क्यांहून जास्त शेअर एका वेगळ्या कंपनीत बांधून टाकले, वीस वर्षांसाठी. एकट्याला कोणालाच बाहेर विकता येऊ नये म्हणून. प्रेम आपल्या जागी, कागद आपल्या जागी."

"तुम्हाला बरंच माहीत आहे काकू."

"माहीत करून घ्यावं लागते. आमचा पोरगा येऊन राहिला रविवारी. घराचं बक्षीसपत्र करा म्हणते. हे तर पेन काढूनच बसले."

"मग?"

"मग काय, मी म्हटलं, मृत्युपत्र करू. आमच्या मागं घ्या सगळं. बक्षीसपत्रच पाहिजे असेल तर आम्हाला सांभाळायची अट त्यात लिही. 2007 चा ज्येष्ठांचा कायदा आहे. अट लिहिली अन् सांभाळलं नाही, तर दिलेलं रद्द करून मागता येते."

"पण काकू, घरच्या घरात अटी लिहायच्या म्हणजे पोराला, सुनेला किती वाईट वाटते!"

"वाटू दे थोडं. तुझ्या सासूबाईंनी केलं का गं घर तुमच्या नावानं?"

"कुठलं! दसऱ्यापर्यंत तयार होत्या. दिवाळीत एकदम फिरल्या. कोणी कान भरले कोणास ठाऊक."

"मीच."