हार्ड कॉपी हातोहात

"माहिती मेल करा, व्हॉट्सॲपवर टाका आणि हार्ड कॉपी हातोहात पाठवा." वऱ्हाडातल्या सरकारी कचेऱ्यांत हे फर्मान नेहमीचं. माहिती एकच, प्रपत्र एकच, वाटा तीन. विभागीय आयुक्तालय अमरावतीला, त्यामुळे अकोल्याचं खातं आढावा बैठकीला निघतं ते स्पायरल बाइंडिंगच्या पुस्तिकांचा गठ्ठा गाडीत टाकूनच. याच अमरावती-अकोला महामार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटर डांबरीकरण सलग 105 तासांत करून गिनेस बुकात नोंद झाली. रस्ता इतक्या झपाट्याने होऊ शकतो, तर त्यावरून जाणारे गठ्ठे का थांबू नयेत? बैठक संपली की पुस्तिका टेबलावरच राहतात. शिपाई गोळा करतो, रद्दीवाला नेतो.

जानेवारी 2025 मध्ये राज्य सरकारने 100 दिवसांचा कार्यक्रम हाती घेतला. कार्यालयं झाडली गेली, जुन्या अभिलेखांचं निंदणीकरण झालं. ते चांगलंच झालं. वर्षभराने नष्ट करायचा ‘ड’ वर्गाचा कागद कायम जपायच्या ‘अ’ वर्गाशेजारी वर्षानुवर्षं रुमालात बांधून पडलेला असायचा, आणि नेमका हवा तो फेरफार सापडायचा नाही.

पण ई-ऑफिस खरं किती चालतं, ते टेबलापाशी उभं राहून पाहावं. टिपणी संगणकावर टाइप होते. साहेबांना पडद्यावर वाचवत नाही, म्हणून प्रिंट निघते. ते लाल पेनाने दोन शब्द बदलतात. पुन्हा प्रिंट, त्यावर सही, मग स्कॅन करून तेच पान संगणकात चढवायचं. आणि ते पान? "असू द्या, ऑडिटला लागेल," म्हणून फायलीत. पूर्वी एका कागदात भागायचं तिथे आता दोन लागतात आणि वर स्कॅनरचं काम वाढतं.

तरी हा कागद निदान सरकारी खर्चाचा. माझा खरा राग खिडकीबाहेरच्या कागदावर आहे. डिजिटल सहीचा सातबारा 1 मे 2018 पासून मिळतो. पडताळणी क्रमांक त्यावरच छापलेला असतो. संगणकात टाकला की खरा-खोटा लगेच कळतो. आणि तरीही पीक कर्जाच्या दिवसांत बँकेच्या खिडकीवर ऐकू येतं:

"तलाठ्याचा शिक्का आणा."

"काऊन जी, सही तं छापूनच आली ना याच्यावर?"

"ते चालत नाही."

मग तो शेतकरी परत गावी. दर्यापूरकडचा असो की बार्शीटाकळीचा, त्याचा पेरणीच्या तोंडावरचा दिवस गेला, मजुरी गेली, भाडं गेलं. प्लास्टिकच्या पिशवीत त्याच्याजवळ सातबारा, आठ-अ, आधार, पासबुकाचं पहिलं पान, इतर बँकांचे नो ड्यूज, आणि सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. यातला सातबारा सरकारच्याच सर्व्हरवर आहे. पासबुक ज्या बँकेचं, तीच बँक त्याची झेरॉक्स मागते!

नियम आडवा येत नाही. इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजाला आणि डिजिटल सहीला 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मान्यता दिली. जातीच्या, उत्पन्नाच्या दाखल्यासाठीच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क राज्याने 2004 मध्येच माफ केलं, तरी कितीतरी वर्षं शंभराचा स्टॅम्प पेपर मागितला जात राहिला. स्वयंसाक्षांकन 2015 पासून चालतं, तरी "साहेबाची सही आणा" संपलं नाही. अडतं ते भीतीपाशी. उद्या चौकशी लागली तर कागद दाखवता आला पाहिजे, ही बाबूची भीती खोटी नाही. ती घालवायची जबाबदारी वरच्या साहेबाची आहे: "संगणकात पाहून खात्री केली" एवढा शेरा पुरेसा आहे, असं त्याने लेखी द्यावं.

जिल्ह्यातल्या बँकांच्या समितीवर अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात. अमरावती आणि अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी एका पानाचं पत्र काढावं: डिजिटल सातबाऱ्यावर शिक्का मागू नये, जे स्वतःच्या संगणकात दिसतं त्याची झेरॉक्स मागू नये. ते प्रत्येक खिडकीवर मराठीत चिकटवावं, खाली तक्रारीचा नंबर द्यावा. खरीप कर्जाच्या रांगा उन्हाळ्यातच लागतात. पत्र त्याआधी निघालं पाहिजे.