केराचा आठवडा

"आई, मी नंतर फोन करते हं. या आठवड्यात माझी पाळी आहे."

"असू दे, असू दे. गरम पाण्याची पिशवी घे आणि पड जरा," सासूबाई डोंबिवलीहून म्हणाल्या.

"तशी नाही हो. जिन्याची पाळी."

पलीकडे क्षणभर शांतता. मग सावध प्रश्न आला, "आणि पुढच्या आठवड्यात?"

"शेजारच्यांची. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा आमच्याकडे. पण तेव्हा मी सुटले. तेव्हा तुमच्या मुलाची पाळी."

यानंतरची शांतता मात्र चांगलीच लांबली. मागून सासऱ्यांनी "काय गं, काय झालं?" असं विचारलं आणि सासूबाई फोनवर हात ठेवून (ठेवल्यासारखं करून) म्हणाल्या, "काही नाही. तिकडची हवा दोघांनाही मानवलेली दिसत नाही."

आम्ही नवरा-बायको सहा वर्षं श्टुटगार्टमध्ये राहतोय. जर्मनीत राहतो म्हटलं की नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर बर्फ, किल्ले आणि सुसाट गाड्या येतात. गाड्यांचं खरं आहे, मर्सिडीज आणि पोर्शे दोघींचंही हे माहेर. पण आमच्या डोळ्यांसमोर कायम असते ती एक पाटी. तळहाताएवढी, लाकडी, दोरी लावलेली. सोमवारी सकाळी दार उघडावं तर ती मुठीला लटकत असते. तिच्यावर एकच शब्द: केअरवोख. 'केरेन' म्हणजे झाडणं आणि 'वोख' म्हणजे आठवडा. थोडक्यात, या आठवड्यात झाडू तुमच्या हातात.

या व्रताचे दोन प्रकार आहेत. धाकटी केअरवोख म्हणजे आपल्या मजल्यावरचा जिना. एका मजल्यावर दोन घरं, त्यामुळे ती आठवड्याआड येते. थोरली केअरवोख म्हणजे अंगण, तळघर, कचऱ्याच्या डब्यांची जागा आणि इमारतीपुढचा फूटपाथ. आमच्या इमारतीत सहा घरं, त्यामुळे ती सहा आठवड्यांनी येते. पानगळीत थोरली वाट्याला आली की झाडाखाली उभं राहून वर बघत "आता पुरे" म्हणायची वेळ येते. झाड जर्मन असल्यामुळे ते आपलं काम पूर्ण करतं.

हे वेड आजकालचं नाही. १४९२ साली श्टुटगार्टच्या नगर-कायद्यात लिहून ठेवलं होतं की प्रत्येकाने आपल्या घरचं शेण दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकावं. त्याच वर्षी कोलंबस भारत शोधायला निघाला आणि भलतीकडेच पोचला. मला वाटतं, त्याने आधी घर झाडलं नसणार. पुढे १७१४ साली इथल्या ड्यूकने गल्ल्या साफ ठेवण्याचा फतवा काढला. अखेर १९८८ साली मानफ्रेड रोमेल नावाच्या महापौरांनी महापालिकेची ही सक्ती रद्द केली. हे रोमेल म्हणजे वाळवंटातल्या लढाईने जगभर गाजलेल्या फील्डमार्शल रोमेलचे चिरंजीव. बाप रणगाड्यांसमोर उभा राहिला, मुलगा झाडूंसमोर. आणि दोघांनाही शेवटी माघार घ्यावी लागली म्हणायची. कारण कायदा गेला तरी घरभाड्याच्या करारातलं कलम राहिलं आणि शेजारी तर कुठेच गेले नाहीत.

आमच्या खाली राहतात त्या आजी हेच ते कलम. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ, चपला मऊ. सुरुवातीच्या वर्षी आम्ही एकदा शुक्रवारी ऑफिसातून दमून आलो आणि रात्री अकराला, दहानंतर आवाज करायचा नाही म्हणून पायांत मोजे घालून, चोरांसारखा जिना पुसून काढला. सोमवारी आजी भेटल्या.

"तुमची केअरवोख झाली?"

"झाली की! शुक्रवारीच."

"असं? मला काही ऐकू आलं नाही."

तेव्हा आम्हाला साक्षात्कार झाला. जिना स्वच्छ असणं ही वेगळी गोष्ट आणि जिना स्वच्छ केला जाणं ही वेगळी. झाडू प्रत्येक दारावर जरासा आपटला पाहिजे, बादलीची कडी वाजली पाहिजे, आणि हे सगळं शनिवारी सकाळी, लोक घरात असताना. रविवारी चालत नाही, कारण रविवार शांततेचा.

अशा घरी गेल्या सप्टेंबरात आई-बाबा आले.

त्यांना आणणं हाही एक सोहळा झाला. नवऱ्याला परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन लिहून द्यावं लागलं की आईवडिलांचा इथला सगळा खर्च मी करीन, जर्मन सरकारवर त्यांचा भार पडू देणार नाही. बाबा बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "याच्यावर मी पंचवीस वर्षं खर्च केला, तेव्हा असा कागद कुणी मागितला नव्हता." मग प्रत्येकी तीस हजार युरोंचा प्रवासविमा. शेवटी नव्वद दिवसांचा व्हिसा आला आणि फोनवर सामानाची चर्चा सुरू झाली. युरोपबाहेरून येताना दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, हे मी आईंना बजावून सांगितलं.

"म्हणजे पेढे पण नाहीत?"

"नाहीत."

"अगं, पेढ्यात दूध कुठे असतं? खवा असतो."

पेढे आले नाहीत. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, कुळथाचं पीठ आणि गोडा मसाला मात्र इतका आला की नवऱ्याने आमच्या कपाटातली पुस्तकं तळघरात हलवली.

पहिल्याच सोमवारी दाराला पाटी. बाबांनी चष्मा कपाळावर चढवून ती जवळून न्याहाळली आणि अक्षरं जुळवत मोठ्याने वाचली, "केर... वोख. अरे, हा आपला केर! शब्द आपलाच आहे. संस्कृतातून इकडे आला असणार. जर्मन लोकांनी आपल्याकडून काय काय नेलं बघ."

"शब्द नेला तर नेला," आई म्हणाल्या, "केरही न्यायचा होता."

पण पाटीचा अर्थ कळल्यावर आईंच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते आम्ही दाखवलेला श्टुटगार्टचा दोनशे सतरा मीटर उंच टीव्ही-मनोरा बघतानाही आलं नव्हतं. त्या लग्न होऊन आल्या त्या गिरगावातल्या चाळीत. तिथे जिना आणि गॅलरी धुवायची पाळी असे. जिन्याखालच्या भिंतीवर खडूने यादी लिहिलेली असे, आणि खडू ज्या बाईच्या हातात तिचा शब्द शेवटचा. पुढे डोंबिवलीचा फ्लॅट आला, सोसायटी आली, झाडायला माणूस आला. पंधरा-वीस वर्षं आईंच्या अंगातली ती पाळी तशीच पडून होती.

"मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरं आहेत," नवऱ्याने माहिती पुरवली.

"बहिणी कसल्या, जावा असतील," आई पदर खोचत म्हणाल्या. "एकीनं पुसलेलं दुसरीला पसंत पडत नाही."

शनिवारी सकाळी साडेआठला आईंनी जिना ताब्यात घेतला. मी मॉप पुढे केला, तो त्यांनी भिंतीला टेकवून ठेवला. गुडघे दुखतात म्हणून विमानतळावर चाकाची खुर्ची घेतलेली ही बाई ओणवी होऊन फडक्याने एकेक पायरी पुसू लागली. बादली अशी वाजली की वरच्या मजल्यावरचा विद्यार्थी दार उघडून बघून गेला. खालचं दारही उघडलं. आजी बाहेर आल्या, दोन मिनिटं नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी कठड्याच्या वरून बोट फिरवलं. स्वच्छ. आईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि शांतपणे कठड्याच्या खालून बोट फिरवलं. काळं झालेलं ते बोट आजींपुढे धरलं. माझ्या पोटात गोळा आला, कारण सहा वर्षांत कठड्याला खालची बाजू असते हेच मला माहीत नव्हतं. पण आजी आत गेल्या आणि स्वतःचं फडकं घेऊन आल्या.

त्यानंतर दीड तास त्या दोघी जिन्यात होत्या. एक श्वाबियन बोलत होती, दुसरी मराठी. इथल्या श्वाबियन बोलीत प्रत्येक शब्दाला लाडाने 'ले' लावायची पद्धत आहे. 'थोडंसं'ला म्हणतात 'बिस्ले'. आजींनी एक कोपरा दाखवून म्हटलं, "अ बिस्ले!"

"बसले? छे हो," आई म्हणाल्या, "काम झाल्याशिवाय मी बसत नाही."

आजींनी मान डोलावली. मी भाषांतर करायला पुढे गेले, तर दोघींनीही मला हातानेच बाजूला केलं.

बाबा हे सगळं दारातून बघत होते, हातात चहाचा कप. साठेक वर्षांच्या एका गृहस्थाला खाली फूटपाथ झाडताना त्यांनी खिडकीतून पाहिलं आणि सहानुभूतीने म्हणाले, "बिचाऱ्याची बायको आजारी दिसते." बायको समोरच्या बाल्कनीत पेपर वाचत बसली होती. आईंनी ते दृश्य बरोबर टिपलं, पण बोलल्या काहीच नाहीत. न बोललेलं आई विसरत नाहीत, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

ऑक्टोबरच्या एका रविवारी आम्ही त्यांना उलबाखला नेलं. श्टुटगार्टची एक गंमत म्हणजे द्राक्षांचे मळे शहराच्या आतच आहेत. शहर खोलगट भांड्यासारखं, आणि कडेच्या उतारांवर वेलींच्या रांगा. चढउतारासाठी पायऱ्याच पायऱ्या, सगळ्या शहरात मिळून चारशेच्या वर जिने. ते ऐकल्यावर आईंचा पहिला प्रश्न, "यांची पाळी कुणाची?"

गावातल्या गल्लीतून जाताना एका घराच्या दाराला झाडू टांगलेला दिसला. चांगला काड्यांचा खराटा, वर लाल रिबीन. आई थबकल्या.

"बघ गं, केवढी हौस! नुसती पाटी नाही, झाडूच टांगलाय दाराला. आपण तिला दोन शब्द चांगले बोलून येऊ." आणि आम्ही काही म्हणायच्या आत त्या दार ढकलून आत.

आत पन्नाशी-साठीचे लोक बाकांवर दाटीवाटीने बसून वाइन पीत होते.

त्या झाडूचा अर्थ असा की घरच्या द्राक्षांची वाइन तयार आहे, या, बसा. मळेवाल्यांना वर्षातले जास्तीत जास्त चार महिने, फार तर चाळीस माणसं बसतील एवढा आपला असा गुत्ता चालवता येतो. त्याला नावच 'बेझन', म्हणजे झाडू. आता आत गेलोच होतो, शिवाय लोकांनी सरकून जागाही केली. बाबांनी "इथली पद्धत आहे तर" म्हणून कान असलेल्या पेल्यातून पाव लिटर लाल ट्रोलिंगर घेतली. आईंना द्राक्षाचा रस हवा होता. पण नवऱ्याने गडबडीत मागवला तो 'नॉयर', म्हणजे नुकता आंबू लागलेला, गढूळ, गोड रस. दिसायला लिंबाच्या सरबतासारखा, पण वागायला नाही.

"जरा फसफसलाय," आई एक घोट घेऊन म्हणाल्या, "पण चांगला आहे."

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर काही गोष्टी न बोलता ठरतात. आईंनी तो पेला संपवला, दुसरा मागवला, कांद्याचा गरम केक खाल्ला आणि शेजारच्या बाकावरच्या बाईला थालीपिठाची कृती मराठीतून सांगितली. ती बाई लिहून घेत होती.

परतताना बसमध्ये आई खूश होत्या. दिवाळीच्या आत त्या दोघांना निरोप द्यायला विमानतळावर गेलो, तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. "तो रस होता ना, झाडूवाल्या घरातला..."

मी गार.

"मुलाला सांगू नकोस हो, की मला कळलं होतं. त्याला उगीच वाईट वाटेल."

खालच्या आजीही निरोपाला दारापर्यंत आल्या होत्या. त्यांनी आईंना एक भेट दिली, कागदात नीट गुंडाळलेली. काय आहे ते आईंनी सांगितलं नाही. फक्त बॅगेतून मी दिलेली चॉकलेटं काढून त्या जागी ती ठेवली.

दिवाळीच्या आदल्या रविवारी मी फराळाची चौकशी करायला डोंबिवलीला फोन केला. बराच वेळ वाजला. अखेर बाबांनी उचलला, पण आवाजाला धाप होती. मागे बादलीची कडी वाजत होती आणि आईंचा आवाज येत होता, "कठड्याची खालची बाजू राहिली!"

"बाबा, काय चाललंय?"

"काय सांगू. हिनं तिकडून एक लाकडी पाटी आणलीय," बाबा दबक्या आवाजात म्हणाले. "मी नंतर बोलतो गं. या आठवड्यात माझी पाळी आहे."