उताऱ्यावर नाव नसलेले खातेदार

आमच्या डोणगावात माणसं दोन गोष्टींवरून बोलायची बंद होतात. एक निवडणूक, दुसरा धुरा. निवडणूक पाच वर्षांनी येते, धुरा दर वखरणीला येतो. शेजाऱ्याचं वखर वीतभर इकडं सरकलं की दोन पिढ्यांचं जाणं-येणं तुटतं. अशा गावात आठवीतल्या पोराला संख्यारेषा शिकवायला जिगर लागते. कारण तिथंही प्रश्न एकच: कोण कुठं बसलं आणि कोणाच्या हद्दीत?

पुतण्याचा बालभारतीतला पहिलाच धडा 'परिमेय व अपरिमेय संख्या'. एकच्या खुणेवर एक एककाचा लंब उभा करायचा, त्याचं टोक शून्याला जोडायचं, कंपासमध्ये तेवढा कर्ण धरून रेषेवर कंस मारायचा. कंस टेकला तिथं वर्गमूळ दोन. पोरानं सगळं बिनचूक केलं आणि पेन्सिल तिथंच रोखून धरली.

"काका, हे १.४१४२१३... संपतच नाही. मंग एका जागी बसते कसं?"

मी म्हटलं, "संपत नाही ते लिहिणं. जागा पक्की आहे. एक भागिले तीन तरी कुठं संपतो? त्याच्याबद्दल कधी तक्रार केलीस?"

ओसरीवर तात्या सुपारी कातरत होते. त्यांना हे लगेच पटलं, कारण त्यांनी घर बांधलंय. फक्की मारताना मिस्त्री तीन फूट, चार फूट मोजतो, तिरकं माप पाच भरलं की कोपरा गुण्यात. पण दहा बाय दहाच्या खोलीचं तिरकं माप विचारा. चौदा फूट पावणेदोन इंच, अर्धं सूत इकडंतिकडं. ते अर्धं सूत म्हणजेच अपरिमेय. मिस्त्री ते गिलाव्यात जिरवतो. बौधायनानं वेदीच्या दोरीसाठी जिरवलं ते ५७७/४०८ या अपूर्णांकात, दशांशचिन्हापुढची पाच घरं तंतोतंत! ना कॅल्क्युलेटर, ना मोबाइल.

खरी गंमत पुढं आहे. कुठल्याही दोन अपूर्णांकांच्या मध्ये आणखी एक अपूर्णांक असतोच. म्हणजे रेषेवर पाय ठेवायला जागा नाही असं वाटतं. मग अपरिमेय शिरले कुठून? धक्काबुक्की नाही, कोणी कोणाला सरकवलं नाही.

१८७४ साली जर्मनीत गेऑर्ग कँटरनं दाखवलं की अपूर्णांक रांगेत उभे करता येतात. रेषेवरच्या सगळ्या संख्या मात्र कुठल्याच रांगेत मावत नाहीत. रांग लागली की वाटप सोपं. पहिल्या अपूर्णांकाला अर्धी वीत द्या, दुसऱ्याला पाव, तिसऱ्याला त्याच्या निम्मी. अनंत वारस, प्रत्येकाला स्वतःची जागा, एकही उपाशी नाही, आणि सगळ्यांची मिळून जमीन वीतभराच्या वर नाही. वीत जास्त वाटते? सुरुवात अर्ध्या सुतानं करा, तरी पुरते. थोडक्यात, सगळ्या अपूर्णांकांचं मिळून क्षेत्र निरंक. उरलेलं सगळं शिवार अपरिमेयांचं, आणि त्यातले आपल्या ओळखीचे किती? वर्गमूळ दोन, पाय, असे बोटावर मोजण्यासारखे. बाकी सगळे गैरहजर खातेदार. गावात बोलबाला मात्र अपूर्णांकांचा. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड. जमीन नाही पण पुढारपण आहे, असली माणसं आपण बघितली नाहीत असं नाही.

खुद्द सातबारा घ्या. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. दिसायला अस्सल अपूर्णांक. पण छापून येतो ए-फोर कागदावर. त्या कागदाच्या बाजू २९७ आणि २१० मिलिमीटर, म्हणजे मापाचं प्रमाण पूर्ण मिलिमीटरांत वर्गमूळ दोनच्या जितकं जवळ नेता येईल तितकं. मुद्दाम तसं ठेवलंय. कागद मधोमध घडी घातला तरी ठेवण तीच राहावी म्हणून. तात्यांनी कपाटातला उतारा काढून घडी घालून बघितली, आणि चष्मा कपाळावर चढवला.

"म्हणजे हद्दीचा दगड कुठंबी रोवला तरी तो अपरिमेयावरच पडन?"

"डोळे मिटून टोक टेकवलं, तर तसंच समजा."

"आन् मोजणीवाल्यानं लिहून देलेला आकडा?"

"तो परिमेय. जवळपासचा."

तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "जवळपासचाच द्याचा होता," ते म्हणाले, "तं माह्याकडून तातडीची फी कायले घेतली?"