स्नॅपशॉटरावांना हक्कसोडपत्राची विनंती

राजमान्य राजेश्री स्नॅपशॉटराव, मुक्काम बीटीआरएफएस, एक टीबीची डिस्क, फोटो स्टुडिओ, लातूर, यांसी सा. न. वि. वि.

मी नांदेडचा, कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. ऐन लगीनसराईत स्टुडिओतल्या पोराचा फोन आला, "सर, दोन लग्नं डिलीट केली, तरी डिस्क फुल्लच दाखवायली." कोर्टात ज्याला वर्षं लागतात ते पोरानं दोन मिनिटांत उरकलं होतं. तेही शिफ्ट दाबून, म्हणजे कचऱ्याचा डबासुद्धा आड नव्हता. 260 जीबी गेले आणि जागा एका एमबीनंही वाढली नाही. लोहा, अहमदपूर करत मी लातूर गाठलं.

आपली नेमणूक मीच केली होती, हे कबूल. आदल्या वर्षी कुणीतरी अख्खं फोल्डर चुकून उडवलं, म्हणून स्नॅपर नावाच्या कारभाऱ्याच्या हाताखाली आपल्याला बसवलं. दर तासाला एक स्नॅपशॉट, म्हणजे फायलींची त्या क्षणीची स्थिती. सेटिंग होती तशीच ठेवली. तिच्यात तासाचे 10, दिवसाचे 10, महिन्याचे 10 आणि वर्षाचे 10 जपायची तजवीज असते. जिथं रोज नवी हळद येते त्या डिस्कवर दहा-दहा महिन्यांचा इतिहास! एवढं तर आमच्याकडे सोयरीक जमवतानाही उकरत नाहीत.

आणि आपला स्वभाव किती गरीब! येताना जागा मागत नाही. फायलींच्या नकला काढत नाही, फक्त प्रत्येक ब्लॉकवर "यात माझाही हक्क" एवढी नोंद करता. बदल झाला की नवा मजकूर नव्या जागी जातो, जुना आपण धरून ठेवता. 2007 मध्ये ख्रिस मेसन यांनी ओरॅकलमध्ये असताना बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम लिहायला घेतली, 2009 मध्ये ती लिनक्सच्या कर्नलमध्ये आली. पण मला विचाराल तर कल्पना आमच्या तलाठी सज्जातली आहे. सातबारावर फेरफार झाला की जुन्या नावाला पूर्वी कंस पडायचा, नाव पुसत नसत. पोरानं लग्नाला कंस घातला होता, एवढंच.

मग मी हिशेब मागितला. फायली मोजणारा डीयू म्हणाला, फोल्डरमध्ये 380 जीबी आहेत. डिस्क मोजणारा डीएफ म्हणाला, 920 वापरले. बाहेरच्या माणसाला वाटेल दोघांतला एक खोटारडा आहे. लातूरकराला वाटणार नाही. मांजरा धरणात एकूण 224 दलघमी मावतं आणि उपयुक्त साठा 177, हे त्याला पाठ असतं. मधले 47 मृतसाठा. डिस्कवरचा मृतसाठा आपण होता, राव.

एक जाडजूड दिसणारा जुना स्नॅपशॉट काढला. सुटलं शून्य. सामाईक गटातल्या एका भावानं हक्कसोड केलं म्हणून जमीन मोकळी होते का? बाकीचे भाऊ बांधावर उभेच. एखादा ब्लॉक धरणारा शेवटचा स्नॅपशॉट जाईपर्यंत तो सुटत नाही. एकट्याच्या नावावर नेमकं किती, हे पाहायचं तर कोटा चालू करून एक्सक्लुझिव्हचा आकडा वाचावा लागतो. तो मी नंतर वाचला. त्याआधी एका शहाण्याचं ऐकून डीफ्रॅगमेंट चालवलं. त्यानं तुकडे जुळवताना फायली नव्यानं लिहिल्या, आपल्याशी असलेली भागीदारी तुटली, आणि जे ब्लॉक सामाईक होते त्यांच्या दोन-दोन प्रती झाल्या. उरलेली जागाही गेली. ज्याला हे करून बघायचंय त्यानं माझ्या शेजारच्या टेबलावर करू नये.

शेवटी एकेक न काढता ओळीनं स्नॅपशॉटांचा पट्टाच काढायचा ठरवला, तर मशीन म्हणे जागा नाही. खोडायला जागा नाही! पण त्याचंही बरोबर होतं. आपल्या राज्यात खोडायलासुद्धा आधी नव्या जागी लिहावं लागतं. वर सगळं शिवार एक-एक जीबीचे तुकडे पाडून डेटाच्या नावावर लागलेलं, मेटाडेटाला, म्हणजे नोंदवहीला, बांधावर पाय टेकायला जागा नाही. त्या तुकड्यांत थोडी रिकामी जागा असली तरी ती परकी.

अशा वेळी लातूर काय करतं? दुष्काळात 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली होती, दहा वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर. मीही बाहेरून पाणी आणलं. एक यूएसबी डिस्क लावून तीच याच फाइल सिस्टिममध्ये जोडून दिली. मशीनला श्वास आला. मग पट्टा काढला. जागा लगेच दिसली नाही, कारण काढलेल्या स्नॅपशॉटचे ब्लॉक आतला झाडूवाला सावकाश मोकळे करतो. चहा घेऊन आलो तोवर 300 जीबी परत आले होते. त्यानंतर बॅलन्स चालवून अर्धेमुर्धे तुकडे एकत्र केले.

तेव्हा स्नॅपशॉटराव, आजपासून आपला पगार ठरला: तासाचे 6, दिवसाचे 7, महिन्याचे आणि वर्षाचे शून्य. आणि स्टुडिओचे मालक आपल्याला बॅकअप म्हणतात, त्यानं फुगू नका. आपण राहता त्याच डिस्कवर, वाडा बसला की माळवदही बसतं. बॅकअपची वेगळी डिस्क आता मालकांच्या घरी कपाटात असते.

आपला,
नांदेडचा दुरुस्तीवाला

ता. क. हे स्टुडिओतल्या पोरांसाठी. मशीनच्या मागं लावलेली ती यूएसबी डिस्क अजून फाइल सिस्टिमचा भाग आहे. तिच्यावरचा डेटा मूळ डिस्कवर सरकतोय, मी रीतसर काढेपर्यंत ती उपटू नका. मोबाइल चार्जिंगला लावायचा असेल तर पंख्याजवळचा बोर्ड मोकळा आहे.