पोलीसप्रमुख ब्रॉडी यांना अनावृत पत्र

माननीय मार्टिन ब्रॉडी साहेब,
पोलीसप्रमुख, ॲमिटी बेट (वास्तव्य फक्त सिनेमात) यांस,

१९७५ साली ‘जॉज’ सिनेमाच्या शेवटी, बुडत्या होडीच्या डोलकाठीला बिलगून, आपण रायफलीच्या गोळीने शार्कच्या चिंध्या केल्यात. त्याबद्दल अभिनंदन राहूनच गेलं होतं. गोळी लागली ती शार्कच्या जबड्यात अडकलेली टाकी दाबून भरलेल्या हवेची होती. पुढे ‘मिथबस्टर्स’ या टीव्ही कार्यक्रमाने तशा टाकीवर गोळी झाडून पाहिली. स्फोट काही झाला नाही. भोकातून हवा सुटली आणि टाकी रॉकेटसारखी सुसाट पळाली. म्हणजे शार्क ठणठणीत, आणि टाकी कुणाच्या अंगावर येईल याचा नेम नाही!

पण साहेब, आपले शिष्य असल्या किरकोळ बाबींनी खचत नाहीत. अमेरिकेत गळाला शार्क लागला की होडीवर एखादा तरी ‘थांबा, आणतो’ म्हणत पिस्तूल शोधायला केबिनमध्ये धावतोच. त्याच्या सोयीसाठी फ्लोरिडाचा कायदाही कसा उदार बघा. १९८७ पासून कित्येक वर्षं तिथे उघड्यावर बंदूक मिरवायला मनाई होती, मात्र मासेमारीला निघालेल्याला सूट. मग काय, बंदूकप्रेमी मंडळी कमरेला पिस्तूल आणि हातात गळ घेऊन धक्क्यावर मेळावे भरवू लागली. मासा लागला नाही तरी चालेल, पिस्तूल दिसलं पाहिजे! गंमत अशी की याच राज्यात शार्क पकडायला गळ-दोरीखेरीज दुसरं साधन चालत नाही. बंदूक सोबत न्या, मासेमारी मात्र गळानेच करा. हत्याराला सहलीला नेण्याची ही सोय जगात दुसरीकडे क्वचितच असेल.

आपल्या नेमबाजीचा अनुभव दांडगा, म्हणून एक शंका विचारतो. होडी डोलतेय, मासा उसळतोय, शेजारी एक जण हातमोजे घालून गळाची तार धरून वाकलाय. अशा वेळी नेम कशावर धरायचा? शार्कचा मेंदू लहान, तो चुकायचीच शक्यता जास्त. तिरकी गोळी पाण्यावरून उसळून भलतीकडे जाते. मासा डेकवर घेतला असेल तर गोळी फायबरच्या तळातून आरपार, आणि खाली बहुधा पेट्रोलची टाकी. बरं, मेलेला दिसणारा शार्कही बराच वेळ जबडा मिटू शकतो. गोळी घालून निर्धास्त झालेला शूरवीर त्याच्या तोंडातला गळ सोडवायला हात पुढे करतो, तेव्हा शौर्याचा हिशेब पुरा होतो.

आता तिथल्या सरकारने काय भित्रेपणा शिकवलाय, तोही ऐका. गळ गोल वाकाचा हवा, म्हणजे तो पोटात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. तो स्टेनलेस स्टीलचा नको, म्हणजे आत राहिलाच तर गंजून गळून पडतो. फ्लोरिडात तार किंवा गळ चटकन कापणारं कटर जवळ लागतंच. सोडायचा शार्क पाण्यातच ठेवायचा, कारण त्याला बरगड्या नसतात. बाहेर ओढला की आतले अवयव स्वतःच्याच वजनाखाली दबतात. तार गळाच्या जवळ कापायची आणि हात जबड्यापासून लांब ठेवायचे. एवढ्यावर संपत नाही. अटलांटिकच्या केंद्रीय हद्दीत हौसेने शार्क धरायचा तर २०१८ पासून होडीच्या परवान्यावर वेगळी नोंद लागते आणि तिच्यासाठी प्रश्नोत्तरांची परीक्षा द्यावी लागते. पिस्तूलवाल्याला शार्क ओळखायचा पेपर! ही कसली मर्दुमकी!

फ्लोरिडाहून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर बहामाचं बिमिनी बेट आहे. तिथे तर कहर. किनाऱ्याला लागताच बंदूक जाहीर करायची, काडतुसं एकेक मोजून लिहून द्यायची आणि सगळं होडीवरच कुलपात ठेवायचं. पोलिसांच्या परवानगीशिवाय वापर नाही. शिवाय २०११ पासून साऱ्या बहामाच्या समुद्रात शार्कच्या व्यापारी मासेमारीला बंदी. तिथे शार्क मोकळा आणि बंदूक कोठडीत. आमच्या मालवणात मोरी, म्हणजे छोटा शार्क, शिजते तीही वाटप लावून. दारूगोळा कुणी लावल्याचं ऐकिवात नाही.

साहेब, वाईट बातमी शेवटी सांगतो. ज्या पीटर बेंचलीच्या कादंबरीतून आपण जन्मलात, तो नंतर पश्चात्तापाने २००६ साली मरेपर्यंत शार्कची बाजू मांडत राहिला. आणि आपण मारलात त्या जातीचा पांढरा शार्क पकडून ठेवायला अमेरिकेच्या अटलांटिक हद्दीत १९९७ पासून बंदी आहे. आज तोच पराक्रम केलात तर चौकशीला पोलीसप्रमुखच लागेल, आणि तो आपण नसाल.

म्हणून विनंती एवढीच, की पुढच्या भागात आपल्या हाती रायफलीऐवजी कटर द्यावं. तार कापली, शार्क गेला, सगळे दहा बोटांनिशी घरी पोचले. असल्या शेवटाला तिकीटबारीवर कुणी फिरकणार नाही, हे मान्य. पण होडीच्या मालकाला तो नक्की आवडेल.

आपला,
मोरी फक्त ताटात पाहिलेला एक प्रेक्षक

ता. क. — ती रायफल होडीवरची, म्हणजे होडीमालक क्विंटची, आणि क्विंट तर शार्कच्या पोटात गेलेला. परवाना कुणाच्या नावावर होता, तेवढं उलट टपाली कळवावं.