सगळा दोष रुपयाचा

महाराष्ट्रात योजना येतात आणि जातात. पण एका रुपयात पीकविमा ही योजना गेली तेव्हा मला घरचं माणूस गेल्यासारखं झालं. इतकी भाबडी योजना पुन्हा होणे नाही. एरवी रेशनकार्डावर नाव चढवायला जा, आपण जिवंत असल्याचे तीन पुरावे मागतात आणि चौथा विसरलात म्हणून परत पाठवतात. इथे मात्र पीकपेऱ्याच्या स्वयंघोषणापत्रावर ‘सोयाबीन’ लिहिलं की सोयाबीन उगवत असे. पाऊस नको, बियाणं नको, जमीनसुद्धा स्वतःचीच हवी असा हट्ट नव्हता.

मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात देवेंद्र फडणवीसांनी ही घोषणा केली. तोवर पंतप्रधान पीकविमा योजनेत शेतकऱ्याला खरिपाला विमा संरक्षित रकमेच्या दोन टक्के, रब्बीला दीड आणि नगदी पिकाला पाच टक्के हप्ता भरावा लागे. आता त्याने रुपया टाकायचा, त्याच्या वाट्याचं उरलेलं राज्याची तिजोरी भरणार. आदल्या खरिपात एक कोटीच्या आत असलेले अर्ज त्या खरिपात १ कोटी ७० लाखांच्या आसपास गेले. लोक शेती सोडून चालले अशी जी ओरड आपण ऐकतो, तिला यापेक्षा चोख उत्तर कोणतं?

काही शंकेखोरांनी तेव्हाच विचारलं, एवढे शेतकरी आले कुठून? असे प्रश्न विचारणाऱ्यांच्या हातून राज्यात काही चांगलं होत नाही.

आता यातली कारागिरी बघा. शेतकऱ्याकडून घ्यायचा एक रुपया. त्याचा अर्ज भरणाऱ्या सीएससी केंद्राला विमा कंपनीने द्यायचे चाळीस. म्हणजे पिकाला भाव मिळो न मिळो, अर्जाला चाळीसचा हमीभाव होता. शेतकरी शेवटी शेतकरीच, एका हंगामात पेरून पेरून किती पेरणार? केंद्रचालकावर ते बंधन नव्हतं. त्याने गायरानावर पेरलं, देवळाच्या जागेवर पेरलं, मशिदीच्या जागेवर पेरलं, सरकारी जमिनीवरही पेरलं. एका कळीच्या दाबात मंदिर आणि मशीद दोन्हीकडे हिरवळ आणणारी दुसरी योजना मला तरी ठाऊक नाही. कांदा न लावताच कांद्याचा विमा उतरवल्याचंही पुढे उघडकीला आलं. निदान त्या कांद्याने कुणाच्या डोळ्यांत पाणी आणलं नाही.

न पेरलेल्या पिकाचा आणखी एक गुण आहे. महसूल मंडळात नुकसान जाहीर झालं की शेजारच्या खऱ्या पिकाबरोबर तेही कागदावर बुडतं आणि भरपाईला पात्र ठरतं. जे उगवलंच नाही ते बुडतं कसं, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा झाला. तो कृषी खात्याकडे येत नाही.

कंपन्यांचंही कौतुक करायला हवं. राज्यात बीड पॅटर्न होता, कागदोपत्री ८०:११०. भरपाई जमा हप्त्याच्या ८० टक्क्यांच्या खाली राहिली तर कंपनीने २० टक्क्यांपर्यंत ठेवून घ्यायचं आणि उरलेलं सरकारला परत करायचं. ११० टक्क्यांच्या वर गेली तर वरचा भार सरकारचा. हप्त्याचा ढीग जेवढा मोठा, तेवढे त्यातले वीस टक्केही मोठे. अशा वेळी ढिगात हात घालून खडे निवडत बसणं हे धंद्याच्या शिस्तीत बसत नाही.

थोडक्यात, अर्ज वाढला की केंद्राचं भलं, कंपनीचं भलं, आणि विक्रमी प्रतिसाद म्हणून सरकारचंही भलं. बांधावर जाऊन ‘इथे नक्की काय पेरलंय हो?’ असं विचारण्याबद्दल मात्र कुणालाच चाळीस रुपये ठेवलेले नव्हते. त्यामुळे ते कुणी विचारलं नाही. नाही म्हणायला, ई-पीक पाहणीचं ॲप याच सरकारकडे २०२१ पासून होतं, आणि त्यात शेताचा फोटोही असे. पण एका घरातल्या दोन जावांनी एकमेकींशी बोललंच पाहिजे असा कुठे नियम आहे?

मग २०२५ उजाडलं आणि चौकशी झाली. चार लाखांहून अधिक अर्ज बोगस निघाल्याचं स्वतः कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांनी सांगितलं. वर कोणत्याही योजनेत दोन-चार टक्के असं होतंच, अशी समजूतही घातली. काही केंद्रांवर कारवाई झाली. फेब्रुवारीत ते म्हणाले की हल्ली भिकारीसुद्धा रुपया घेत नाही, आम्ही मात्र रुपयात विमा दिला. इथे मला तपासाची दिशा स्पष्ट दिसली. केंद्रचालक, कंपनी, खातं असे संशयित समोर उभे असताना सरकारने अचूक गुन्हेगार हेरला तो रुपया. एप्रिलच्या अखेरीस मंत्रिमंडळाने त्याला बडतर्फ केलं. शेतकऱ्याने पुन्हा दोन टक्के, दीड टक्के, पाच टक्के भरायचे.

जुलैत त्याच मंत्र्यांनी खुलासा केला की सरकार रुपया देत नव्हतं, घेत होतं. तेव्हा भिकारी कोण, तर सरकार. मुख्यमंत्र्यांना हे विधान योग्य वाटलं नाही. मला वाटतं, संपूर्ण प्रकरणात सरकारच्या वतीने दिली गेलेली तेवढी एकच कबुली आहे.

जबाबदारी कुणाची, असं विचारणाऱ्यांना खो-खो समजत नाही. घोषणा झाली तेव्हा कृषिमंत्री अब्दुल सत्तार. पहिल्या खरिपाचे अर्ज भरले जात असताना धनंजय मुंडे आले. योजना गुंडाळली तेव्हा कोकाटे. आणि नवे नियम पहिल्या खरिपात लागू होत असताना दत्तात्रय भरणे. अडीच वर्षांच्या आत चौघांनी खो दिला, घेतला, आणि कुणाच्याही पाठीला माती लागली नाही. कोकाट्यांकडे तर पुढे क्रीडा खातंच आलं. त्याचं कारण विमा नव्हता, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ गाजला होता. मी खेळत नव्हतो, आलेला खेळ बंद करत होतो, असं त्यांनी सांगितलं.

नव्या योजनेतून रुपयाबरोबर आणखी चार गोष्टी गेल्या. पेरणीच न होणं, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचं नुकसान, या कारणांनी मिळणारी भरपाई बंद झाली. उरला पीक कापणी प्रयोग: मंडळात ठरावीक ठिकाणी पीक कापायचं, वजन करायचं, सरासरी काढायची आणि ती उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेली तरच पैसे. शेतकरी ओळख क्रमांक आला, ई-पीक पाहणीही सक्तीची झाली. अर्ज निम्म्याच्या आसपास उतरले. मशिदीवरचं आणि गायरानावरचं सोयाबीन गेलं, आणि त्याच्यासोबत बांधाच्या आतल्या खऱ्याखुऱ्या माणसाचंही संरक्षण गेलं. ओलं-सुकं एकत्र जाळण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे.

आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पाऊस आला. धाराशिव, बीड, लातूर, शेजारी सोलापूर. नद्या शेतांतून वाहिल्या, कुठे पीक गेलं, कुठे पिकाखालची मातीच गेली. रुपयाच्या दिवसांत अशा शेतकऱ्याला ७२ तासांत ॲपवर तक्रार करावी लागे. आता तो त्रास उरलेला नाही. त्याने फक्त पीक कापणी प्रयोगाची वाट बघायची. प्रयोगाला पीक लागतं, एवढीच एक अडचण. पण त्याच मंडळात माळावरच्या कुणाचं तरी उभं असेल, त्यातून सरासरी निघेल.